रिकाम्या तक्त्यापासून सुरुवात: पुण्यात छोटं संशोधन उभं करताना

एमएडचा शोधनिबंध असो, नर्सिंगचा प्रबंध असो की पर्यावरणशास्त्राचं एमएस्सीचं प्रोजेक्ट, गाइडपुढे येणारा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: ‘तीनशे फॉर्म भरून झालेत, आता यातून काय काढायचं?’ तोवर उशीर झालेला असतो. जे विचारलंच नाही ते आता मिळत नाही, आणि जे विचारलं त्यातलं निम्मं कशालाच लागत नाही. त्यामुळे कामाची सुरुवात शेवटच्या पानापासून करा. निकालाचा तक्ता आधी काढा, फक्त आकडे रिकामे ठेवा.

पुण्यात सहज करता येतील अशी तीन कामं घेऊ. पहिलं: मुठेच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन विठ्ठलवाडीपासून मुळा-मुठेच्या संगमापर्यंत किती घटतो? दुसरं: एखाद्या भागातल्या शाळांत तिसरीतली किती मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकतात? तिसरं: एका वस्तीतल्या चाळिशीपुढच्या किती लोकांचा रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त आहे, आणि त्यातल्या कितींना ते ठाऊक आहे? विषय तीन, पण कामाचा सांगाडा एकच.

रक्तदाबाचा तक्ता असा आखा. ओळींत वयोगट, रकान्यांत ‘तपासलेले’, ‘रक्तदाब जास्त’, ‘त्यातल्या ज्यांना माहीत होतं’, ‘त्यातल्या ज्यांचं औषध चालू आहे’. आता तक्त्यातल्या प्रत्येक घरात मनाने आकडे भरा आणि स्वतःला विचारा, असे आले तर मी काय लिहीन? मग आकडे उलटे करा आणि पुन्हा विचारा. दोन्ही वेळा तेच वाक्य सुचलं, ‘जनजागृतीची गरज आहे’ छापाचं, तर प्रश्न अजून कच्चा आहे. तक्ता पक्का झाला की फॉर्म त्यातूनच निघतो. ज्या रकान्याला फॉर्ममध्ये प्रश्न नाही त्याचा प्रश्न घाला, आणि ज्या प्रश्नाला तक्त्यात रकाना नाही तो खोडा. ‘असू द्या, लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेले प्रश्न फॉर्म लांबवतात, आणि लांब फॉर्मची शेवटची दोन पानं माणसं कंटाळून भरतात.

आधी ठरवण्याचं मोल किती, याचं उत्तम उदाहरण पुण्याजवळच आहे. १९९३ मध्ये पुण्यालगतच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा आहार आणि बाळांची जन्मावेळची वाढ यांचा अभ्यास सुरू झाला. गरोदरपणाच्या १८व्या आणि २८व्या आठवड्यात आहार मोजला गेला. एकूण ऊर्जा आणि प्रथिनं यांचा बाळाच्या आकारमानाशी संबंध दिसला नाही. दूध, पालेभाज्या आणि फळं किती वेळा खाल्ली याचा मात्र स्पष्ट दिसला. फॉर्ममध्ये नुसत्या कॅलरी असत्या आणि ‘पालेभाजी आठवड्यातून किती वेळा’ हा प्रश्न नसता, तर हे कळायला दुसरा कुठलाच मार्ग नव्हता.

आधीचं वाचन

यात महिने घालवू नका, पण पद्धतशीर करा. प्रश्नाचे तीन तुकडे पाडा: कोण, काय मोजलं, कुठे. प्रत्येक तुकड्याचे समानार्थी शब्द लिहून काढा आणि तुकडे जोडून शोधा. आरोग्यासाठी पबमेड, भारतीय प्रबंधांसाठी शोधगंगा, बाकी गूगल स्कॉलर. शिक्षणाचा विषय असेल तर मराठीतूनही शोधा. ‘अध्ययन’, ‘अभ्यास’, ‘परिणामकारकता’ यांपैकी कुठला शब्द शीर्षकात असेल सांगता येत नाही, म्हणून तिन्ही टाकून पाहा. विकत घ्यावं लागणारं नियतकालिक समोर आलं की आधी आपल्या संस्थेच्या ग्रंथपालांना विचारा. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही सरकारी योजना सुरू झाली आहे आणि सरकारी उच्चशिक्षण संस्थांना त्यातून हजारो नियतकालिकं उघडी झाली आहेत. विद्यापीठातलं जयकर ग्रंथालयही आहेच. वाचताना प्रत्येक लेखातून तीन गोष्टी टिपा: नमुना किती आणि कसा घेतला, मोजमाप कशाने केलं, आकडा काय आला. तिसरी गोष्ट लगेच पुढे लागते.

किती आणि कोण

टक्केवारी काढायची असेल तर नमुन्याचं गणित सोपं आहे. १.९६ (९५ टक्के खात्रीसाठीचा ठरलेला आकडा) चा वर्ग गुणिले अपेक्षित प्रमाण गुणिले उरलेलं प्रमाण, भागिले चालेल तेवढ्या चुकीचा वर्ग. प्रमाणाचा अंदाज नसेल तर ५० टक्के धरा. ५ टक्के चूक चालणार असेल तर उत्तर ३८५ येतं, १० टक्के चालणार असेल तर ९७. विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं काम बहुधा या दोहोंच्या मधे असतं. वस्तीत चाळिशीपुढचे लोकच ६०० असतील तर ३८५ ला १ अधिक ३८४/६०० ने भागा, २३५ येतील. दहातला एक जण नाही म्हणणार किंवा भेटणारच नाही असं धरून २३५ ला ०.९ ने भागा: २६२ घरांचे दरवाजे वाजवायची तयारी ठेवा.

शाळांत हे गणित फसतं. एका वर्गातली मुलं एकाच बाईंकडे शिकतात, एकाच वस्तीतून येतात, त्यामुळे ती एकमेकांसारखी असतात. पाच वर्गांतून वीस-वीस, अशी शंभर मुलं घेतली, तरी ती शंभर ‘सुट्या’ मुलांइतकी माहिती देत नाहीत. हे सारखेपण (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे अगदी एकसारखं) ०.२ धरलं तर नमुना १ अधिक १९ (वर्गातली वीस मुलं वजा एक) गुणिले ०.२, म्हणजे ४.८ पट लागतो. तुमची शंभर मुलं जेमतेम एकवीस मुलांच्या तोलाची झाली. उपाय एकच: वर्ग वाढवा, प्रत्येक वर्गातली मुलं कमी करा. वीस वर्गांतून पाच-पाच मुलं घेतली तर तीच शंभर मुलं सुमारे पंचावन्न मुलांच्या तोलाची होतात. पायपीट वाढते, पण आकडा खरा येतो. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत जिल्ह्यातली ३० गावं आणि गावातली २० घरं निवडतात. एकाच मोठ्या गावात ६०० घरं करणं किती सोयीचं झालं असतं, पण ते तसं करत नाहीत, ते यासाठीच.

ओपीडीत आलेले रुग्ण मोजून ‘पुण्यातल्या इतक्या टक्के लोकांना उच्च रक्तदाब’ असं लिहू नका. दवाखान्यात आजारी माणूस येतो. ओपीडीतून ‘ओपीडीत येणाऱ्यांत किती’ एवढंच कळतं, आणि त्या प्रश्नालाही मोल आहे. शीर्षकात तसं स्पष्ट लिहा. वस्तीत घरं निवडताना मतदार यादी किंवा घरक्रमांकांची यादी घ्या, एका चिठ्ठीने पहिलं घर काढा आणि तिथून दर पाचवं किंवा सातवं घर घ्या. कुलूप दिसलं की शेजारच्या घरात शिरू नका. दिवसा कुलूप लावून जाणारी माणसं नोकरदार असतात, आणि त्यांना वगळलं की नमुना म्हाताऱ्यांचा आणि गृहिणींचा होतो. त्याच घरी संध्याकाळी आणि रविवारी पुन्हा जा. अशा तीन फेऱ्यांनंतरच ते घर सोडा, आणि ‘सोडलं’ अशी नोंद ठेवा.

परवानगी आणि संमती

माणसांवरचं आरोग्यविषयक काम नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय सुरू करायचं नाही. विद्यार्थी आहे म्हणून सूट नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार समितीत ७ ते १५ सदस्य असतात आणि बैठकीला किमान ५ लागतात. बैठक रोज भरत नाही, एक शंका निघाली की विषय पुढच्या बैठकीवर जातो, म्हणून निदान दोन महिने हाताशी ठेवा. नमुना घेऊन झाल्यावर मागितलेली मंजुरी मिळत नाही आणि तो डेटा छापताही येत नाही. उपचार, आहार किंवा समुपदेशन देऊन परिणाम पाहायचा असेल तर पहिला माणूस सामील होण्याआधी सीटीआरआयवर (वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत) नोंदणी करा. ती मोफत आहे, पण १ एप्रिल २०१८ पासून मागाहून केलेली नोंदणी तिथे स्वीकारत नाहीत.

शाळेत मुख्याध्यापकांची परवानगी म्हणजे पालकांची संमती नव्हे. दोन्ही लागतात, आणि तिसरा होकार मुलाचा: ७ ते १२ वर्षांच्या मुलांकडून तोंडी, १२ ते १८ वयात लेखी. पालकांनी सही केली आणि मूल ‘नको’ म्हणालं, तर नकोच.

संमतीपत्र इंग्रजीतून शब्दशः उतरवलेलं असलं की ‘सहभागाअंती उद्भवणाऱ्या संभाव्य गैरसोयी’ अशी वाक्यं येतात आणि समोरचा न वाचताच सही करतो. ‘दंडावर पट्टा आवळला जाईल, थोडं दडपल्यासारखं वाटेल, अर्ध्या मिनिटात सुटेल’ असं लिहा. लिहून झालं की ज्यांना तुमचा विषय माहीत नाही अशा दोघांना वाचायला द्या आणि ‘यात तुम्हाला काय करायचंय?’ एवढं विचारा. उत्तर चुकलं तर पत्र चुकलेलं आहे.

मोजमाप: बहुतेक कामं इथेच बिघडतात

चुकीचं गणित नंतर दुरुस्त होतं. चुकीचं मोजलेलं पाणी नदीतून केव्हाच वाहून गेलेलं असतं.

ऑक्सिजनसाठी विंकलर पद्धत अजूनही विश्वासाची आहे. ३०० मिलीची बीओडी बाटली (बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन वापरला जातो त्याचं माप) पाण्याखाली तिरपी धरून सावकाश भरा आणि आतला एकही बुडबुडा राहू देऊ नका. बुडबुड्यातला ऑक्सिजन पाण्यात उतरतो आणि आकडा फुगतो. तिथेच, काठावर, पिपेटचं टोक पाण्यात बुडवून २ मिली मँगनीज सल्फेट आणि २ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड घाला, बूच लावून बाटली उलटसुलट करा. तपकिरी साका म्हणजे ऑक्सिजन आहे, पांढरा म्हणजे जवळजवळ नाहीच. साका बसला की २ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल. तो विरघळून पाणी पिवळं झालं की त्यातलं २०३ मिली घ्या (घातलेल्या द्रावणांनी जेवढं पाणी बाहेर सांडलं त्याची भरपाई म्हणून हे वरचे ३ मिली) आणि ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेशन (थेंबथेंब घालून मोजणी) करा. रंग फिका गवती झाल्यावरच स्टार्च घाला. आधी घातला तर तो आयोडीन धरून ठेवतो आणि शेवटचा बिंदू पुढे सरकतो. निळा रंग पहिल्यांदा गेला ते रीडिंग. थोड्या वेळाने निळा परत आला तरी तिकडे बघू नका. लागलेलं प्रत्येक मिली म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम ऑक्सिजन. थायोसल्फेट ठेवून ठेवून उतरतं, म्हणून ज्या दिवशी टायट्रेशन त्याच दिवशी त्याची ताकद तपासा.

मीटर वापरणार असाल तर त्यात उंची भरायला विसरू नका. समुद्रसपाटीला २५ अंश सेल्सियसला शुद्ध पाण्यात लिटरमागे ८.२६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचावर आहे, हवेचा दाब कमी, त्यामुळे इथे तेच पाणी साधारण ७.७ वर तृप्त होतं. हे न पाहता ‘स्वच्छ ठिकाणीही ऑक्सिजन कमी’ असा निष्कर्ष काढणं सहज घडू शकतं.

वेळेचा सापळा याहून मोठा आहे. रात्रभर शेवाळ ऑक्सिजन वापरतं, पहाटे पातळी तळाला जाते आणि ऊन चढलं की वर येते. सकाळी सातला विठ्ठलवाडी, नऊला म्हात्रे पूल, अकराला संगम असं एकाच माणसाने ट्रॅफिकमधून फिरत पाणी घेतलं, तर तुम्ही जागेतला फरक मोजता की वेळेतला, हे कुणालाच सांगता येणार नाही. दोन-तीन गट करून एकाच तासात सगळ्या ठिकाणचं पाणी घ्या. माणसंच नसतील तर एका खेपेला वरून खाली या, पुढच्या खेपेला खालून वर जा. खडकवासल्यातून पाणी सोडलं असेल तर त्या दिवसाची नोंद वेगळी करा. बीओडी लावताना कॅलेंडर समोर ठेवा: भारतीय पद्धतीप्रमाणे २७ अंशांना तीन दिवस धरले तर गुरुवारी लावलेली बाटली रविवारी उतरते, आणि त्या दिवशी प्रयोगशाळेला कुलूप असतं. पाच दिवसांच्या, २० अंशांच्या पद्धतीशी या आकड्यांची तुलना करताना कुठली पद्धत वापरली ते लिहाच.

वाचनाच्या चाचणीत उपकरण म्हणजे ऐकणाऱ्याचा कान. ‘वाचता येतं’ म्हणजे नेमकं काय, हे पहिल्या मुलाआधी कागदावर उतरवा. किती चुका माफ? अडखळून स्वतःच दुरुस्त केलं तर ती चूक धरायची का? घरी ‘पानी’ बोलणाऱ्या मुलाने छापलेलं ‘पाणी’ ‘पानी’ असं वाचलं तर? ती बोलीची सवय आहे, वाचनातली चूक नव्हे, आणि ती चूक धरली तर तुम्ही मुलाचं वाचन सोडून त्याचं घर मोजता. ‘सूर्य’ला ‘सूय’ म्हटलं तर मात्र रफार ओळखता आलेला नाही. असे दहा-बारा निर्णय आधीच घ्या. मग दोन जणांनी एकाच वेळी, एकमेकांचा कागद न बघता, वीस मुलांचं वाचन ऐकून नोंद करा. शंभरातल्या ८० वेळा जुळलं म्हणून खूश होऊ नका. ‘येतं’ आणि ‘येत नाही’ निम्मंनिम्म असेल तर नशिबानेही ५० वेळा जुळलं असतं. उरलेल्या ५० पैकी तुम्ही ३० कमावलेत, म्हणजे कॅप्पा (नशिबाचा वाटा वगळून मोजलेली जुळणी) ०.६. तो ०.८ च्या आसपास येईपर्यंत नियम पुन्हा घासा. मजकुराचे तीन-चार वेगळे नमुने ठेवा आणि मुलाला वर्गाबाहेर, व्हरांड्यात बसवा. एकच उतारा असला की रांगेतल्या शेवटच्या मुलाला तो ऐकून पाठ झालेला असतो.

रक्तदाबाचं काम दिसतं सोपं. माणूस पाच मिनिटं शांत बसलेला हवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला टेकवलेला. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, जिना नको. चौथ्या मजल्यावर चढून तुम्ही दमलात तर हरकत नाही, पण तुमच्यासाठी दार उघडायला धावलेल्या आजींना बसू द्या. कफच्या (दंडाला बांधायच्या पट्ट्याच्या) आतली पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के तरी वेढा घेणारी हवी. जाड दंडाला लहान कफ लावला की दाब खोटा वाढतो. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोन रीडिंग घ्या आणि दोन्ही लिहा. मनात सरासरी काढून लिहू नका.

मोजणाऱ्याने नीट मोजलं की अंदाजे लिहिलं, हे आकडेच सांगतात. पाऱ्याच्या यंत्रावर खुणा दोन-दोनच्या असतात, म्हणजे शेवटचा अंक ०, २, ४, ६, ८ यांपैकी एक, प्रत्येक साधारण पाचातून एकदा. २०० रीडिंगमध्ये शून्याने संपणारी ४० च्या आसपास हवीत. ११० असतील तर कुणीतरी १३४ ला १३० आणि १३८ ला १४० लिहीत आहे. तुमची रेघ १४० वर असल्याने तिथेच माणसं या बाजूची त्या बाजूला जातात. पहिल्या पन्नास नोंदींनंतर हे तपासा, शेवटी नको.

दिवस ठरवताना

खरं काम सुरू करण्याआधी १५-२० जणांवर पायलट करा, आणि ती माणसं अंतिम नमुन्यात धरू नका. शाळेचं काम दिवाळीच्या सुटीआधी संपेल असं बघा, पण गणपतीचे दहा दिवस आणि सहामाही परीक्षा वजा करा. शिक्षक निवडणूक किंवा जनगणनेच्या कामावर असतील तर वर्ग भरलेला दिसतो, पण चित्र नेहमीचं नसतं. पालख्या पुण्यात मुक्कामाला असताना वस्तीत फिरू नका. निम्मी घरं सेवेत गुंतलेली असतात.

नोंद आणि एक्सेल

एका माणसाची एक ओळ, एका गोष्टीचा एक रकाना, एका घरात एकच आकडा. ‘१४२/८८’ एका घरात लिहू नका, दोन रकाने करा. मुख्य शीटमध्ये नाव नको, क्रमांक हवा. नाव-क्रमांकाची जोडी वेगळ्या फाइलमध्ये, पासवर्ड लावून. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा, नाहीतर पाच जून आणि सहा मे यांची अदलाबदल होते. माहिती मिळाली नाही तर ० लिहू नका आणि ९९ही लिहू नका. घर रिकामं ठेवा आणि शेजारच्या रकान्यात कारण लिहा: नकार, घरी नाही, यंत्र बंद. वयाच्या रकान्यातला एखादा ९९ सरासरीत मिसळला की तो शोधायला दिवस जातो. दर दहा फॉर्मांतला एक दुसऱ्या माणसाकडून पुन्हा भरून घ्या आणि दोन्ही नोंदी ताडून पाहा. मूळ कागद जपून ठेवा, रंगीत खुणा एक्सेलमध्ये करू नका (रंगावरून बेरीज होत नाही), आणि मूळ फाइलला हात न लावता तिच्या प्रतीवर काम करा.

विश्लेषणाला आता फार काही उरत नाही. पहिल्या दिवशी आखलेला तक्ता भरायचा. प्रत्येक टक्केवारीशेजारी तिची दोन टोकं (खरं प्रमाण बहुधा ज्यांच्या मधे असेल ती) द्या: २३५ पैकी ७१ जणांचा दाब जास्त निघाला तर ‘३० टक्के, २४ ते ३६ च्या दरम्यान’. तक्त्यात नसलेला एखादा संबंध वाटेत सापडला तर जरूर लिहा, पण तो नंतर सापडला असंही सांगा.

छापायला देताना घाई करून पैसे भरू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये युजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद केली, तेव्हा ‘केअर लिस्टेड’ एवढ्या शिक्क्यावर विसंबायचं कारण उरलेलं नाही. नियतकालिकाचा आयएसएसएन (ओळख क्रमांक) आयएसएसएनच्याच पोर्टलवर तपासा, संपादक मंडळातल्या दोघा-तिघांच्या संस्थेच्या पानावर त्या नियतकालिकाचा उल्लेख आहे का पाहा, आणि ‘चार दिवसांत स्वीकृती’ असं आश्वासन असेल तर तिथेच थांबा. प्रबंधातलं दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य युजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत चालतं. त्यापुढे दंडाच्या पायऱ्या सुरू होतात.

आणि एक काम पहिल्या दिवशीच्या योजनेत लिहून ठेवा, कारण शेवटी त्याला वेळ उरत नाही. रक्तदाब मोजताना एखाद्याचा १८०/१२० निघाला तर त्या क्षणी काय करायचं? पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढाच आला तर चिठ्ठीवर आकडा आणि वेळ लिहून त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा. छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ अडखळणं असं काही असेल तर फॉर्म बाजूला ठेवून १०८ ला फोन करा. बाकी प्रत्येकाला आपला आकडा लिहिलेला कागद हातात द्या. शाळेला नावं वगळून वर्गाचा तक्ता द्या: कितींना अक्षरं, कितींना शब्द, कितींना उतारा वाचता येतो. तो दुसरं सत्र सुरू होताना बाईंच्या हातात पडला पाहिजे; पुढच्या जूनपर्यंत ती मुलं चौथीत गेलेली असतात.